सहावा वळसा

केतकी धनावडेनं अठरा मिनिटांत जे केलं, ते करायला डॉ. हेमांगी सापळेला चार वर्षं लागली होती. रत्नागिरीजवळच्या त्या सर्पविष संशोधन केंद्रात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही ते हेमांगीसमोर बोलून दाखवत नव्हतं. त्या न बोलण्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

केंद्र सड्यावर होतं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. या सड्यांवर फुरसं सापडतं. वीतदीड वीत लांबीचा, मातीच्या रंगाचा हा साप दगडाखाली बसलेला असतो. तो चावला की माणूस लगेच जात नाही. त्याच्या विषातलं एक प्रथिन रक्त गोठवणाऱ्या घटकांना कामाला जुंपतं आणि काही तासांत ते सगळे संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्त वाहू लागतं आणि थांबत नाही. यावर घोड्यांपासून तयार केलेलं प्रतिविष होतंच. पण काहींना त्याची भयंकर ॲलर्जी यायची, आणि इथल्या फुरशावर ते तेवढंसं चालायचंही नाही.

केंद्राला हवं होतं माणसाच्याच रक्तातलं, नेमकं या विषावर बसणारं प्रतिपिंड.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या. प्रत्येक साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची, आणि ते मणी कोणत्या क्रमानं ओवले आहेत हे आता कुठलीही प्रयोगशाळा दिवसाभरात सांगते. पण क्रम कळला म्हणजे आकार कळला असं नाही. वायच्या वरच्या प्रत्येक टोकाला साखळीचे सहा वळसे असतात. शत्रूला धरतात ते हेच. त्यांतल्या पाच वळशांचे आकार ठरावीक साच्यांतले असतात. जड साखळीवरचा एक वळसा मात्र दर प्रतिपिंडात वेगळ्या लांबीचा, वेगळ्या मुरडीचा निघतो. केंद्रात त्याला सहावा वळसा म्हणत. पकड बसते की निसटते, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

तो आकार पाहायचा हेमांगीचा मार्ग जुना होता. शुद्ध प्रथिनाचा थेंब काचेखाली लटकता ठेवायचा, थंड खोलीत आठवडे काढायचे, रोज सूक्ष्मदर्शकातून डोकवायचं. शंभरातल्या एखाद्या थेंबात स्फटिक धरतो. तो केसाहून बारीक फासात उचलायचा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि क्ष-किरणांखाली धरायचा. किरण विखुरतात, त्या ठिपक्यांवरून गणितानं इलेक्ट्रॉनच्या घनतेचा नकाशा निघतो, पडद्यावर निळ्या जाळीसारखा. त्या जाळीत एकेक मणी बसवत जायचं. हेमांगीचा हात यात इतका बसलेला होता, की दिल्ली-हैदराबादचे लोक आपले थेंब तिच्याकडे पाठवत.

केतकी सात वर्षांपूर्वी तिच्याकडेच पीएचडीला आली होती. चिपळूणची, हुशार, पण धांदरट. अकरा महिन्यांत तिच्याकडून एकही स्फटिक धरला गेला नाही. एके दिवशी तिच्या हातून गोठवलेल्या नमुन्यांचा अख्खा डबा सांडला, तेव्हा हेमांगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझा हात नाही याला. तू आपली कॉम्प्युटरवर बस."

केतकी खरंच कॉम्प्युटरवर बसली. बंगळुरूला जाऊन तिनं पीएचडी पूर्ण केली आणि दोघा मित्रांबरोबर 'घडी' नावाची प्रणाली बनवली. जगभरच्या हेमांगींनी पन्नास वर्षांत काढलेले हजारो प्रतिपिंडांचे आकार घडीनं अभ्यासले होते. तिला मण्यांचा क्रम द्यायचा. साखळीची घडी कशी पडेल ते ती सांगायची, आणि प्रत्येक मण्यापुढे आपली किती खात्री आहे तो आकडाही द्यायची. केंद्राचे संचालक डॉ. फैयाज मुजावर यांनी केतकीला बोलावून घेतलं. फुरसं चावून वाचलेल्या बारा जणांच्या रक्तातून चार हजार प्रतिपिंडांचे क्रम मिळाले होते. घडीनं त्या सगळ्यांचे आकार काढले, विषाच्या त्या प्रथिनावर कोण नीट बसतं ते ताडलं, आणि एक निवडलं: एफ-एकेचाळीस. त्याचा आकार काढायला अठरा मिनिटं लागली होती. पूर्वी अशाच एका प्रतिपिंडाच्या आकाराला हेमांगीची चार वर्षं गेली होती. उंदरांवर ते झकास चाललं.

"मॅडम, सहाव्या वळशात अठ्ठ्याऐंशी टक्के खात्री आली!" केतकी धावत हेमांगीच्या खोलीत आली होती. तिचा आनंद अगदी निर्मळ होता.

"छान," हेमांगी म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. भिंगाखाली तेव्हा काहीच नव्हतं.

हेवा कसा वाढतो हे तिला नंतर नीट आठवायचं. पाहुणे आले की मुजावर त्यांना आधी तिच्या थंड खोलीत आणत, आता आधी केतकीकडे नेत आणि परतताना दारातूनच म्हणत, "आणि या आमच्या सापळे मॅडम." थंड खोलीत मधोमध प्लायवूडची भिंत घालून अर्धी जागा घडीच्या यंत्रांना दिली गेली. ती यंत्रं दिवसभर घुमत, आणि हेमांगीला ते घुमणं आपल्याला हसल्यासारखं वाटे. केतकीनं सभेत "मॅडमच्या जुन्या स्ट्रक्चर्सवरच घडी शिकली" असं आदरानं सांगितलं, तर 'जुन्या' हा शब्द हेमांगी आठवडाभर चघळत राहिली.

घरीही तेच. तिचा नवरा दिगंबर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होता. मे ते ऑक्टोबर त्याच्याकडे फुरसं चावलेली माणसं येत राहायची. एका रविवारी केतकी जेवायला आली तेव्हा दिगंबर तिच्याशी दोन तास बोलत बसला. किती डोस लागेल, फ्रिजबाहेर किती टिकेल, एकच इंजेक्शन पुरेल का.

"माझ्या स्फटिकांबद्दल तू असं कधी विचारलं नाहीस," ती गेल्यावर हेमांगी म्हणाली.

"तुझे स्फटिक मला पेशंटला टोचता येत नाहीत, हेमा," दिगंबर हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तिनं मात्र भांडी जरा जोरातच आवरली.

माणसांवर चाचणी सुरू करण्याआधी सुरक्षा समितीची एक अट होती. घडीनं सांगितलेला आकार प्रत्यक्ष स्फटिकावरून पडताळून हवा. काम अर्थातच हेमांगीकडे आलं.

तिनं ते जीव ओतून केलं. दोन महिन्यांत स्फटिक धरला, सुईसारखा स्वच्छ. दूरच्या सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य क्ष-किरण यंत्रावरून ठिपके आले, नकाशा निघाला. पाच वळसे घडीनं सांगितले होते तसेच होते, तंतोतंत. एकेक जुळत गेला तसतशी हेमांगी तो पुन्हापुन्हा तपासत राहिली. मग ती सहाव्या वळशाशी आली.

तिथं जाळी विरळ होती. सुरुवात दिसत होती, शेवट दिसत होता, आणि मधले आठ मणी जणू धुक्यात. असं होतं कधीकधी. स्फटिकातल्या कोट्यवधी प्रतिपिंडांमध्ये तो वळसा लवचीक असेल, प्रत्येकात थोडा वेगळा वाकलेला असेल, तर त्याची सरासरी पुसटच येते. अशा वेळी अहवालात लिहायचं असतं, की हा भाग दिसत नाही. हेमांगीनं हे विद्यार्थ्यांना वीस वर्षं शिकवलं होतं.

पण तिनं जाळीची पातळी थोडी खाली आणली. धुक्यात दोन-तीन निळे ठिपके उमटले. ते घडीच्या वळशावर नव्हते, डावीकडे होते. तिनं वळसा डावीकडे वाकवून बसवला. गणिताची एक फेरी चालवली. पुढच्या नकाशात ठिपके थोडे ठळक झाले, कारण आता गणितातच तिचा वळसा होता. तिनं आणखी एक फेरी चालवली. चौथ्या फेरीनंतर तिथं बऱ्यापैकी जाळी दिसू लागली, आणि हेमांगीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

डावीकडे वाकलेला तो वळसा रक्तातल्याच एका गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटू शकेल, असा तिचा निष्कर्ष निघाला. उंदरांत ते प्रथिन वेगळं असतं, म्हणून उंदरांना काही झालं नसेल. माणसाला होऊ शकेल.

समितीच्या बैठकीत तिनं शांतपणे हे मांडलं. केतकीचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम, त्या जागी घनता किती आहे?"

"पुरेशी आहे."

"कच्चा नकाशा मला बघायला मिळेल?"

"जाळी वाचायला नजर लागते, केतकी. अठरा मिनिटांत येत नाही ती."

टेबलाभोवती कुणीतरी हलकंसं हसलं. समितीनं चाचणी तीन महिने पुढे ढकलली. या क्षेत्रात हेमांगीच्या शब्दावर दुसरं मत मागायची पद्धत नव्हती. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी तिला कडकडून भूक लागली. तिनं दिगंबरला आग्रह करकरून सोलकढी वाढली. त्यानं दोन घोट घेतले आणि विचारलं, "नक्की धोका आहे ना?"

"मी बघितलंय," ती म्हणाली.

सोळा दिवस गेले. सतराव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दिगंबरचा फोन आला.

"हेमा, माझ्याकडे एक बाई आलीय. यल्लव्वा नाव तिचं, चिरेखाणीवर काम करते, विजापूरकडची आहे. सव्वीस वर्षांची. चिरा उचलताना हाताला फुरसं चावलं, काल सकाळी. घोड्याचं प्रतिविष दिलं तर अर्ध्या तासात श्वास कोंडला, बंद करावं लागलं. रक्त गोठतच नाहीये. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहतं. कोल्हापूरला हलवायचं तर वाटेतच मेंदूत रक्तस्राव होईल."

"मग?"

"तुमच्या शीतगृहात एफ-एकेचाळीस आहे. मुजावरांना फोन केला. ते म्हणाले, दुसरा उपाय नसेल तर एका रुग्णापुरती तातडीची परवानगी मागता येते, पण डॉ. सापळेंचा लेखी आक्षेप असताना समिती हो म्हणणार नाही. म्हणून तुला विचारतोय. नवरा म्हणून नाही. डॉक्टर म्हणून."

"धोका आहे, दिगंबर."

"धोका किती? ती अशीही जाणारच आहे. मला फक्त एवढं सांग, तो वळसा तुला दिसलाय ना? स्पष्ट?"

"अर्ध्या तासानं करते फोन," हेमांगी म्हणाली.

तिनं दार लावलं आणि नकाशा उघडला. आपण बसवलेला वळसा काढून टाकला. तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण मागच्या चार फेऱ्यांत तो गणितात मुरला होता. तिनं सगळ्या फेऱ्या पुसल्या, मूळ ठिपक्यांपासून पुन्हा नकाशा काढायला लावला, आणि पातळी तिथंच ठेवली जिथं ती विद्यार्थ्यांना ठेवायला सांगायची.

वळशाच्या जागी काळा पडदा होता. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे, घडीनं सांगितलेल्या जागीही काही नव्हतं. केतकी बरोबर आहे असं स्फटिक म्हणत नव्हता, चूक आहे असंही म्हणत नव्हता. त्याला विचारलंच जाऊ नये असा तो प्रश्न होता, आणि हेमांगीनं त्याच्या तोंडी आपलं उत्तर घातलं होतं.

आपण खोटं बोलत होतो का? नाही. त्या दिवशी तिला खरोखरच ते ठिपके दिसले होते. हेच सगळ्यात भयंकर होतं.

मुजावर जेवायचा डबा उघडत होते. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी झाकण परत लावलं.

"म्हणजे आक्षेप मागे?"

"हो. आत्ता, लगेच."

मुजावर तिला बावीस वर्षं ओळखत होते. "असं लिहा, हेमांगीताई. 'मिळालेल्या माहितीचं पुनर्विश्लेषण केल्यानंतर संबंधित भागाबाबत निष्कर्ष काढणं शक्य नसल्याचं आढळलं.' एवढं पुरे. तुमच्या नावाला काही होणार नाही."

वाक्य खोटं नव्हतं. ती त्यांच्याच टेबलाशी बसली आणि ते लिहून काढलं. मग थांबली. असं वाक्य वाचून समितीला वाटेल की विषय गुंतागुंतीचा आहे. कुणीतरी म्हणेल, तपासून घेऊ आणखी आठवडाभर. तिनं ते खोडलं आणि खाली लिहिलं:

'सहाव्या वळशाच्या जागी नकाशात काहीही दिसत नाही. पहिल्या वेळीही दिसत नव्हतं. मी तिथं माझ्या मनानं आकार बसवला. डॉ. धनावडे यांचं मॉडेल चुकीचं निघावं अशी माझी इच्छा होती आणि ती माझ्या कामात उतरली. या आक्षेपाला कोणताही आधार नाही. तो विचारात घेऊ नये.'

मुजावरांनी वाचलं. "हे समितीतले सगळे वाचतील."

"वाचू देत."

समितीच्या अध्यक्षांनी पावणेदोनला फोनवरूनच मंजुरी दिली. कुप्या घेऊन केतकी स्वतः आपल्या गाडीनं निघाली. जाताना ती व्हरांड्यात हेमांगीसमोरून गेली. तिच्या हातात त्या पत्राची प्रत होती. ती थांबली नाही.

इंजेक्शन तीन वाजता दिलं. साडेपाचला नळीतलं रक्त पहिल्यांदा थोडं थबकलं, आणि सातला तळाशी चिकटून राहिलं. यल्लव्वा वाचली. ती तीन आठवडे डायलिसिसवर राहिली आणि मग तिची मूत्रपिंडं हळूहळू सुरू झाली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

इंजेक्शननंतर दोन दिवसांनी, तिच्या जिवावरचं टळलं तेव्हा, दिगंबर घरी आला, आंघोळ करून बाहेर बसला. हेमांगीनं चहा आणून ठेवला.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग म्हणाला, "धोंडू नाचरेकर म्हणून एक जण आला होता माझ्याकडे. आंब्याच्या बागेचा राखणदार. अकरा दिवसांपूर्वी गेला. त्यालाही घोड्याचं चाललं नव्हतं. तेव्हा मी मुजावरांना फोनसुद्धा केला नाही. तू नको म्हणाली होतीस ना. माझा विश्वास होता."

चहा तसाच राहिला. त्या दोघांत पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलणं झालं. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पत्र बाहेर पडायला आठवडा लागला नाही. हेमांगीला समितीवरून काढलं, तिच्या आधीच्या सहा आकारांची फेरतपासणी लागली. सहाही बरोबर निघाले. तरी देशभरातून येणारे थेंब थांबले. ती रोज केंद्रात येई आणि थंड खोलीत एकटी बसे. महिन्यानं ती केतकीच्या दारात उभी राहिली.

"एक काम मागायला आलेय. एफ-एकेचाळीस आणि विषाचं प्रथिन, दोन्ही एकत्र धरलेला स्फटिक. एकटं असताना तो वळसा हलतो. पकडल्यावर हलायला जागा उरणार नाही. तेव्हा दिसेल. मोठ्या चाचणीला तो पुरावा लागेलच."

केतकी पडद्याकडेच बघत होती. "ते हैदराबादला करून घेता येईल."

"येईल."

"मग तुम्ही कशाला?"

"तू चुकावीस असं मला वाटत होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हातून तू बरोबर निघालीस तर कुणी शंका घेणार नाही."

केतकी पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "तो डबा सांडला त्या दिवसापासून मी एकच ठरवलं होतं, मॅडम. एक दिवस तुम्ही माझं काम बघून म्हणाल, चांगलं आहे. समितीत तुम्ही ते वाकडं केलंत तेव्हासुद्धा मला वाटलं, माझंच चुकलं असेल. मी चार रात्री घडीतली चूक शोधत होते. सोळा दिवस मी स्वतःलाच दोष दिला. तो राखणदार गेला हे मला दिगंबरसरांकडून कळलं."

माफी मागायचे शब्द हेमांगीनं घरून जुळवून आणले होते. ते आता फार तोकडे वाटले.

"करा स्फटिक," शेवटी केतकी म्हणाली. "पण नकाशा मी बघणार. आधी त्यात कुणाचाच वळसा नसेल, तुमचा नाही, घडीचाही नाही. तुम्ही शेजारी बसायचं. हात लावायचा नाही."

"चालेल."

पाच महिने लागले. दोन प्रथिनं एकत्र धरायला तयार होईनात. एक हजार नव्वद थेंब वाया गेले. कुणी मदतीला नव्हतं, हेमांगीनं मागितलीही नाही. शेवटी फेब्रुवारीत एका थेंबाच्या कडेला एक चपटा, ओबडधोबड स्फटिक दिसला. एवढा कुरूप स्फटिक तिनं आयुष्यात उचलला नव्हता. तिनं श्वास रोखून तो फासात घेतला.

नकाशा आला त्या सकाळी दोघी केतकीच्या पडद्यासमोर बसल्या. केतकीनं विषाचं प्रथिन बसवलं, पाच वळसे बसवले, सहाव्याची जागा रिकामी ठेवली, आणि पातळी नियमानं ठेवायची तिथं ठेवली. निळी जाळी उमटली. सलग, जाड, एकही तुटका धागा नाही. वळसा विषाच्या खोबणीत बोट घालावं तसा शिरलेला. मग तिनं घडीनं वर्षभरापूर्वी दिलेला आकार वर आणला. आठही मणी जाळीच्या आत बसले.

केतकीनं दोन्ही हात तोंडावर धरले. "मॅडम, बघा ना."

हेमांगी बघत होती. इतका सुंदर नकाशा तिनं फार क्वचित पाहिला होता. तो तिच्या हातचा होता, आणि त्यातली सगळी जीत दुसरीची होती. मनाला तीच ओळखीची बोच लागली, जराही बोथट न झालेली. ती गेली असेल असं तिला वाटलं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आठही बरोबर आहेत. चांगलं काम आहे, केतकी."

केतकीनं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. पत्रातली 'अशी माझी इच्छा होती' ही ओळ दोघींनाही पाठ होती.

"अजून वाटतो हेवा?" तिनं विचारलं.

"हो," हेमांगी म्हणाली.

केतकीनं मान डोलावली. मग आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि माऊस तिच्या पुढ्यात ठेवला. "हलक्या साखळीत दोन मणी मला नीट लागत नाहीयेत," ती म्हणाली. "तुम्ही बघा."